व्हीईजीएफ हे प्रथिन, त्याचे जनुक आणि आईंच्या डोळ्यातील इंजेक्शन

तुमचा प्रश्न असा आहे. तुमच्या आईंना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या काही महिन्यांत वाचताना त्यांना ओळी वाकड्या दिसू लागल्या, तपासणीत दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला मध्यभागी सूज असल्याचे निघाले आणि ‘व्हीईजीएफ वाढले आहे, डोळ्यात इंजेक्शने द्यावी लागतील’ असे डॉक्टरांनी सांगितले. त्यावरून तुम्ही तीन गोष्टी विचारता. या प्रथिनाचे जनुक आईंमध्ये बिघडले आहे का आणि तोच बिघाड तुमच्यात किंवा तुमच्या बहिणीत उतरला असेल का? एकदा इंजेक्शन दिल्यावर ते पुन्हा पुन्हा का द्यावे लागते? आणि रक्तवाहिन्या वाढवणारे प्रथिनच अडवले, तर हृदय व मूत्रपिंड यांना इजा होणार नाही का?

मी बरीच वर्षे दृष्टिपटलाच्या आजारांवर उपचार करत आहे आणि मधुमेही रुग्णांच्या घरच्यांकडून हे तीन प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतात. पहिल्याचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची दोन त्यातूनच निघतात. तुमच्या आईंचे व्हीईजीएफचे जनुक बिघडलेले नाही. ते नेमून दिलेले काम चोख करत आहे. ऑक्सिजन कमी पडला की रक्तवाहिन्यांना हाक द्यायची, हे ते काम. मधुमेहाने पडद्यातल्या बारीक केशवाहिन्या बंद पडल्या आहेत, त्यामुळे ही हाक थांबतच नाही आणि तिचा परिणाम नेमका नजरेच्या मध्यावर होतो. आजार रक्तपुरवठ्याचा आहे, प्रथिनाचा नाही. उपचाराविषयीचे पुढचे सगळे निर्णय या एका फरकावर अवलंबून असतात.

आता जनुकाविषयी. या प्रथिनाचे पूर्ण नाव व्हॅस्क्युलर एंडोथेलियल ग्रोथ फॅक्टर-ए, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींना वाढवणारा घटक. त्याचे जनुक सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असते. त्यात प्रथिनाची माहिती वाहणारे आठ खंड आहेत, ज्यांना एक्सॉन म्हणतात. जनुकाची आरएनए प्रत निघाल्यावर पेशी हे खंड जोडते, पण प्रत्येक वेळी सगळे आठही जोडत नाही. सहावा आणि सातवा खंड ठेवायचा की गाळायचा यावर प्रथिनाचे वेगवेगळे प्रकार ठरतात आणि त्यांना अमिनो आम्लांच्या संख्येवरून १२१, १६५, १८९ आणि २०६ अशी नावे दिली आहेत. १६५ हा प्रकार शरीरात सर्वांत जास्त आढळतो. त्यात सातवा खंड असतो, सहावा नसतो. १२१ मध्ये दोन्ही नसतात.

हे वाचताना अभ्यासक्रमातला तपशील वाटेल, पण त्याचा अर्थ फार व्यावहारिक आहे. सहाव्या आणि सातव्या खंडातून प्रथिनाला जो भाग मिळतो, तो पेशींभोवतीच्या जाळीतल्या हेपॅरानसारख्या साखरसाखळ्यांना चिकटतो. त्यामुळे १८९ आणि २०६ हे प्रकार जिथे तयार होतात तिथेच अडकून राहतात, १२१ मोकळा दूरवर पसरतो आणि १६५ थोडा चिकटतो, थोडा पसरतो. यातून ऊतीमध्ये उतार तयार होतो: तहानलेल्या पेशीपाशी प्रथिन दाट, दूर जावे तसे विरळ. नव्या रक्तवाहिनीच्या टोकाची पेशी या उतारावरून दिशा ओळखते. ज्या उंदरांमध्ये फक्त सर्वांत आखूड, मोकळा पसरणारा प्रकार तयार होईल असा बदल केला गेला, त्यांच्या रक्तवाहिन्या रुंद झाल्या पण त्यांना फांद्या नीट फुटल्या नाहीत. एकाच जनुकातून निघणाऱ्या या प्रकारांची वाटणी किती नाजूक आहे, ते या प्रयोगातून दिसते, आणि मला या सगळ्या विषयातला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो.

मात्रेच्या बाबतीत तर हे जनुक आणखी काटेकोर आहे. बहुतेक जनुकांच्या दोन प्रतींपैकी एक निकामी झाली तरी दुसरीवर काम भागते. व्हीईजीएफच्या बाबतीत उंदराच्या गर्भात एकच प्रत काढून टाकली, तरी रक्तवाहिन्या अपुऱ्या राहून गर्भ अकराव्या-बाराव्या दिवसाच्या सुमारास मरतो, असे १९९६ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिले. तुमच्या आई आज एकसष्टाव्या वर्षी घर चालवत आहेत, याचा अर्थच असा की या जनुकाने गर्भावस्थेपासून आपले काम व्यवस्थित केलेले आहे.

प्रथिन स्वतः दोन सारख्या साखळ्यांचे बनलेले असते. त्या एकमेकींना उलट्या दिशेने लागून गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या असतात. हे जोडप्रथिन रक्तवाहिनीच्या अस्तरपेशीवरच्या ग्राहीला, म्हणजे संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, बिलगते, त्याबरोबर दोन ग्राही जवळ येतात आणि पेशीच्या आत संदेश सुरू होतो. मुख्य काम करणारा ग्राही दुसऱ्या क्रमांकाचा. पहिल्या क्रमांकाचा ग्राही व्हीईजीएफला अधिक घट्ट धरतो, पण संदेश क्षीण देतो, आणि त्याचा एक सुटा, विरघळणारा प्रकार तर प्रथिनाला नुसते पकडून ठेवतो. आपल्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा रक्तवाहिन्यांविना स्वच्छ राहतो, त्यामागे हा सुटा ग्राही आहे, हे २००६ मध्ये सिद्ध झाले. याच सुट्या ग्राहीचे प्रमाण गरोदरपणात फाजील वाढले, तर आईचा रक्तदाब चढतो आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळताना ही गोष्ट लक्षात ठेवा.

व्हीईजीएफचा संदेश मिळालेली अस्तरपेशी दोन गोष्टी करते. ती वाढते, विभागते, पुढे सरकते. आणि शेजारच्या पेशीशी असलेला सांधा सैल करते. दुसरी गोष्ट पहिल्यापेक्षा आधी सापडली होती. १९८३ मध्ये बोस्टन येथे डोनाल्ड सेंगर, हॅरोल्ड ड्वोरॅक आणि सहकाऱ्यांना गिनीपिगच्या कर्करोगाच्या पेशींतून असा पदार्थ मिळाला की जो रक्तवाहिन्यांना हिस्टामिनपेक्षा हजारो पटींनी अधिक गळके करत होता. १९८९ मध्ये नेपोलियन फेरारा यांनी कॅलिफोर्नियातील जेनेन्टेक या कंपनीत गाईच्या पीयूषिका ग्रंथीच्या पेशींमधून अस्तरपेशींना वाढवणारे प्रथिन वेगळे केले. दोन्ही प्रथिनांची रचना वाचली गेली तेव्हा ते एकच असल्याचे उघड झाले. तुमच्या आईंच्या पडद्याला आज जी सूज आहे, ती वाढीमुळे नव्हे तर या गळतीमुळे आहे. नव्या वाहिन्या फुटणे हा त्याच प्रथिनाचा दुसरा परिणाम. आजार पुढच्या टप्प्यात गेला की तो दिसतो.

डोळ्याच्या क्षेत्रात तर या पदार्थाची चाहूल त्याहून कितीतरी आधी लागली होती. १९४८ मध्ये आयझॅक मायकेलसन यांनी दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्यांची मांडणी अभ्यासून असे सुचवले की ऑक्सिजन कमी पडलेला पडदा काहीतरी रासायनिक पदार्थ सोडतो आणि तो पदार्थ रक्तवाहिन्यांची वाढ ठरवतो. त्या अज्ञात पदार्थाची चर्चा पुढे ‘फॅक्टर एक्स’ या नावाने झाली. १९९४ मध्ये लॉइड आयेलो आणि सहकाऱ्यांनी मधुमेही रुग्णांच्या डोळ्यातला द्रव तपासला, तेव्हा ज्यांच्या पडद्यावर नव्या वाहिन्या फुटल्या होत्या त्यांच्यात व्हीईजीएफ खूप वाढलेले आढळले आणि लेझर यशस्वी झाल्यावर ते उतरलेले आढळले. लेझरने पडदा भाजला की आजार का थांबतो, याचे पटणारे उत्तर मिळायला असा जवळजवळ अर्धशतकाचा काळ गेला.

ऑक्सिजन कमी झाल्याचे जनुकाला कळते कसे, हा भाग समजला की ‘जनुक बिघडले का’ या शंकेचे पूर्ण निरसन होते. प्रत्येक पेशीत एचआयएफ नावाचे प्रथिन सतत तयार होत असते. ऑक्सिजन पुरेसा असेल तर काही विकरे त्या ऑक्सिजनचाच वापर करून एचआयएफवर खूण करतात, व्हीएचएल नावाचे दुसरे प्रथिन ती खूण ओळखते आणि एचआयएफ काही मिनिटांत नष्ट केले जाते. ऑक्सिजन घटला की खूण होत नाही, एचआयएफ टिकते, पेशीच्या केंद्रकात जाते आणि व्हीईजीएफच्या जनुकाच्या सुरुवातीपूर्वी सुमारे हजार अक्षरांवर असलेल्या एका छोट्या क्रमाला जाऊन बसते. मग जनुकाच्या प्रती भराभर निघू लागतात. शिवाय या परिस्थितीत त्या आरएनए प्रती एरवीपेक्षा जास्त काळ टिकतात, म्हणजे प्रथिनाचे उत्पादन दोन्ही बाजूंनी वाढते. या यंत्रणेच्या शोधासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जनुकीय दोषामुळे व्हीईजीएफ वाढते असा खरा आनुवंशिक आजारही आहे, पण त्यातही दोष व्हीईजीएफच्या जनुकात नसतो. फॉन हिप्पेल-लिंडाउ या आजारात व्हीएचएलचे जनुक बिघडलेले असते. त्यामुळे ऑक्सिजन भरपूर असतानाही पेशींना तो कमी आहे असेच वाटत राहते, आणि पडद्यात, मेंदूत रक्तवाहिन्यांच्या गाठी होतात, मूत्रपिंडाचा कर्करोगही होऊ शकतो. तो आजार अतिशय विरळा आहे, पडदा पाहताच त्याच्या गाठी वेगळ्या ओळखू येतात आणि तुम्ही पाठवलेल्या वर्णनाशी त्याचा काही संबंध नाही.

तुमच्या आईंच्या डोळ्यात जे घडले ते असे. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिल्याने पडद्यातल्या केशवाहिन्यांना बाहेरून आधार देणाऱ्या पेशी गळून गेल्या, वाहिन्यांची भिंत जाड पण दुबळी झाली आणि काही वाहिन्या पूर्ण बंद पडल्या. पडदा हा शरीरातला ऑक्सिजन सर्वाधिक वापरणाऱ्या ऊतींपैकी एक आहे. त्याचा एवढासा तुकडा उपाशी राहिला तरी तिथल्या म्युलर पेशी (पडद्याला आधार देणाऱ्या पेशी) आणि इतर पेशी व्हीईजीएफ सोडू लागतात. शिल्लक राहिलेल्या वाहिन्यांचे सांधे सैल होतात, पाणी आणि चरबीयुक्त प्रथिने बाहेर झिरपतात आणि ती नेमकी मॅक्युलात, म्हणजे बारीक अक्षर वाचणाऱ्या मध्यबिंदूत, साचतात. ओसीटीच्या, म्हणजे प्रकाशकिरणांनी पडद्याच्या थरांचा छेद दाखवणाऱ्या तपासणीच्या, चित्रात हे अगदी स्पष्ट दिसते. निरोगी डोळ्यात मध्यभागी छानसा खळगा असतो आणि पडद्याची जाडी तिथे साधारण अडीचशे मायक्रॉन भरते. सूज आली की खळग्याच्या जागी उंचवटा येतो, आत काळ्या पोकळ्या दिसतात आणि जाडी चारशे-पाचशेपर्यंत जाते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे चित्र दाखवायला सांगा आणि आईंनाही दाखवा. ज्या रुग्णाने स्वतःच्या पडद्याची सूज स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे, तो पुढच्या तारखा सहसा चुकवत नाही.

आता इंजेक्शन. व्हीईजीएफला पकडून निष्क्रिय करणारी औषधे आधी कर्करोगासाठी तयार झाली. फेरारा यांच्याच कामातून निघालेले बेव्हॅसिझुमॅब हे प्रतिपिंड अमेरिकेत फेब्रुवारी २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मान्य झाले. डोळ्यासाठी त्याच प्रतिपिंडाचा छोटा तुकडा घडवून रॅनिबिझुमॅब तयार केले गेले आणि ते २००६ मध्ये वृद्धांच्या मॅक्युलाच्या आजारासाठी, तर २०१२ मध्ये मधुमेहाच्या सुजेसाठी मान्य झाले. २०११ मध्ये आलेले अफ्लिबरसेप्ट हे प्रतिपिंड नाही. त्यात व्हीईजीएफच्या पहिल्या आणि दुसऱ्या ग्राहीचे तुकडे जोडून सापळा तयार केला आहे. २०२२ मध्ये मान्य झालेले फॅरिसिमॅब व्हीईजीएफबरोबर अँजिओपोएटिन-२ नावाच्या दुसऱ्या प्रथिनालाही पकडते. डोळ्यासाठी मान्य झालेल्या या औषधांच्या आधी, २००४ च्या अखेरीस, पेगॅप्टॅनिब नावाचे औषध आले होते. ते मुख्यतः १६५ या प्रकारालाच अडवत असे आणि लवकरच मागे पडले. सगळे प्रकार अडवणारी औषधे त्याच्यापेक्षा सरस ठरली, त्यामागे वर सांगितलेली प्रकारांची विविधता हे एक कारण असावे, असे मी मानतो.

कोणते औषध घ्यावे, हे तुम्ही विचारले नाही, पण खर्चाचा प्रश्न येणारच. कर्करोगासाठीच्या बेव्हॅसिझुमॅबला डोळ्यासाठी औपचारिक मान्यता नसताना ते मोठ्या बाटलीतून छोट्या मात्रा भरून जगभर वापरले जाते आणि बरेच स्वस्त पडते. अमेरिकेतल्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले, मधुमेहाच्या सुजेत नजर सुरुवातीला चांगली असेल तर बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट या तिन्ही औषधांत पहिल्या वर्षी फरक पडला नाही. नजर बरीच उतरलेली असेल तर अफ्लिबरसेप्ट सरस ठरले. भारतात २०१५ मध्येच रॅनिबिझुमॅबची देशी समरूप आवृत्ती मान्य झाली आणि त्यानंतर मध्यमवर्गीय घरांना निवड थोडी सोपी झाली. माझे मत असे की, वेळेवर आणि पुरेशा संख्येने दिलेले स्वस्त औषध हे पैसे संपल्यामुळे दोन मात्रांनंतर थांबवलेल्या महाग औषधापेक्षा निःसंशय चांगले. मात्र छोट्या मात्रा भरण्याचे काम निर्जंतुक व्यवस्थेत झाले आहे की नाही, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

इंजेक्शन पुन्हा पुन्हा का द्यावे लागते, याचे उत्तर आता तुमच्या लक्षात आले असेल. पाणी आटलेल्या गावातून टँकरची मागणी तहसीलदाराकडे रोज जात असेल आणि कोणी ती वाटेतच फाडून टाकली, तर कचेरीतला गोंधळ थांबतो, पण विहीर भरत नाही आणि दुसऱ्या दिवशी नवी मागणी येतेच. इंजेक्शन तयार झालेले प्रथिन अडवते. ते जनुकाला हात लावत नाही आणि बंद पडलेली केशवाहिनी उघडत नाही. औषध डोळ्यातून काही आठवड्यांत ओसरते, उपाशी पेशी व्हीईजीएफ सोडतच असतात आणि सूज परतते. पण हे आयुष्यभर दरमहा चालत नाही, हेही तितकेच खरे. वर सांगितलेल्या अभ्यासात रुग्णांना पहिल्या वर्षी साधारण नऊ-दहा इंजेक्शने लागली, दुसऱ्या वर्षी पाच-सहा, आणि पुढे गरज आणखी कमी होत जाते. पहिली तीन ते पाच सहसा महिन्याच्या अंतराने देतात. त्यानंतर ओसीटी पाहून अंतर वाढवतात.

काही डोळ्यांत चार-पाच मात्रांनंतरही सूज हटत नाही. अशा वेळी केवळ व्हीईजीएफच नव्हे, तर दाहाचे इतर घटकही गळतीला जबाबदार असतात आणि तेव्हा डोळ्यात स्टेरॉइडचे रोपण उपयोगी पडते. त्याने डोळ्याचा दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदू लवकर होतो, म्हणून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात ते देणे सोपे जाते.

या औषधाची ताकद जवळून पाहायची असेल तर बुबुळावरच्या नव्या वाहिन्यांचे उदाहरण घ्या. पडद्याचा मोठा भाग उपाशी असेल तर व्हीईजीएफ डोळ्याच्या पुढच्या भागापर्यंत पोहोचते आणि बाहुलीच्या कडेला तांबूस, केसासारख्या बारीक, वेड्यावाकड्या वाहिन्या दिसू लागतात. त्या पाणी निचऱ्याच्या कोनात शिरल्या की दाब भयंकर वाढतो आणि रुग्ण डोके धरून येतो. अशा डोळ्यात इंजेक्शन दिल्यावर एक-दोन दिवसांत त्याच वाहिन्या स्लिट-लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, फिकट होऊन दिसेनाशा होतात. एका प्रथिनाला अडवल्याने इतका फरक इतक्या लवकर पडताना मी अनेकदा पाहिला आहे आणि तरीही प्रत्येक वेळी मन थक्क होते. पण अशा रुग्णाला मी त्याच आठवड्यात लेझरला बसवतो, कारण लेझर न करता सोडले तर महिन्या-दीड महिन्यात त्या वाहिन्या परत येतात. लेझर पडद्याच्या कडेचा, ऑक्सिजन खाणारा भाग कमी करते. म्हणजे मागणीच कायमची घटते. इंजेक्शनला ते जमत नाही.

तिसरा प्रश्न हृदय आणि मूत्रपिंडाचा, आणि तो अगदी रास्त आहे. प्रौढ वयातही व्हीईजीएफ शरीराला हवेच असते. जखम भरताना, व्यायामाने स्नायूत केशवाहिन्या वाढताना, स्त्रियांच्या मासिक चक्रात त्याची गरज असते, आणि मूत्रपिंडाच्या गाळणीतल्या पोडोसाइट पेशी तर ते रोज तयार करून शेजारच्या वाहिन्यांना धडधाकट ठेवतात. कर्करोगासाठी हे औषध शिरेतून देतात तेव्हा रक्तदाब वाढणे, लघवीतून प्रथिने जाणे, जखम उशिरा भरणे हे परिणाम दिसतात आणि ते अपेक्षितच आहेत. फरक मात्रेचा आहे. साठ किलो वजनाच्या कर्करोगाच्या रुग्णाला बेव्हॅसिझुमॅबची एक मात्रा साधारण ३०० मिलिग्रॅम पडते. डोळ्यात आपण १.२५ मिलिग्रॅम देतो, म्हणजे दोनशे चाळिसाव्या भागाइतके. त्यातले थोडे रक्तात उतरते. रॅनिबिझुमॅबचा तुकडा छोटा असल्याने तो रक्तातून काही तासांत निघून जातो. बेव्हॅसिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट जास्त काळ रेंगाळतात आणि रक्तातले व्हीईजीएफ काही दिवस मोजण्याइतके घटवतात.

मोठ्या चाचण्यांमध्ये डोळ्यातील इंजेक्शनांमुळे हृदयविकार किंवा पक्षाघात ठामपणे वाढल्याचे सिद्ध झालेले नाही. तरीही गेल्या तीन महिन्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल, तर मी शक्य तितके थांबतो आणि थांबणे शक्य नसेल तर रक्तात कमी रेंगाळणारे औषध निवडतो. मूत्रपिंड आधीच कमकुवत असेल, तर त्यांच्या डॉक्टरांना कळवून लघवीतील प्रथिने आणि रक्तदाब पाहत राहावे. गरोदरपणात ही औषधे टाळतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पडद्याच्या आजारातही ती वापरतात, पण कमी मात्रेत आणि फार विचारपूर्वक, कारण त्या बाळाची फुप्फुसे आणि मेंदू याच प्रथिनावर वाढत असतात.

इंजेक्शनचा खरा धोका शरीरात नसून डोळ्यातच आहे: जंतुसंसर्ग. तो साधारण दोन-तीन हजारांत एखाद्याला होतो, पण झाला तर नजर जाऊ शकते. भुलीचे थेंब घालून, पोव्हिडोन आयोडीनने डोळा धुऊन, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर अंतरावर पांढऱ्या भागातून बारीक सुई आत जाते. एकूण काम काही क्षणांचे असते आणि दुखते ते फारच थोडे. पांढऱ्या भागावर लाल डाग उमटला, एक-दोन दिवस काळे ठिपके तरंगताना दिसले, तर घाबरू नये. परंतु पहिल्या आठवड्यात दुखणे वाढत गेले, लाली वाढली किंवा नजर अचानक अंधुक झाली, तर सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरांना गाठावे.

आता तुम्ही आणि तुमची बहीण. व्हीईजीएफच्या जनुकात व्यक्तीगणिक एखाद्या अक्षराचे फरक असतात आणि त्यांपैकी काहींचा मधुमेहाच्या पडद्याच्या आजाराशी संबंध जोडणारे अभ्यास जपानपासून युरोपपर्यंत झाले आहेत. एका देशातला निष्कर्ष दुसऱ्या देशात टिकत नाही, असे त्यांत वारंवार घडले. म्हणून उपचार ठरवण्यासाठी या जनुकाची चाचणी आम्ही करत नाही. कोणी तशी चाचणी विकत असेल तर ते पैसे वाचवावेत. आनुवंशिकतेने तुमच्याकडे येण्याची शक्यता आहे ती टाइप २ मधुमेहाची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. तुम्ही दोघांनी वर्षातून एकदा उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासून घ्यावे. साखर निघालीच, तर नजर चांगली असली तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा दाखवावा. पडद्याचा आजार सुरुवातीला काहीच जाणवू देत नाही.

आईंच्या बाबतीत साखर आणि रक्तदाब यांकडे इंजेक्शनाइतकेच लक्ष द्या. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील दीर्घ अभ्यासात साखर काटेकोर ठेवलेल्या गटात बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाल्या, आणि रक्तदाब आटोक्यात ठेवल्याचा फायदा पडद्याला त्याहूनही जास्त झाला. रक्तक्षय असेल तर तोही भरून काढावा, कारण पडद्याला मिळणारा ऑक्सिजन शेवटी हिमोग्लोबिनमधूनच येतो.

एक गोष्ट मात्र पुढच्या भेटीत स्वतःहून सांगा. तुमचे गाव दवाखान्यापासून लांब आहे, आईंना एकटीने प्रवास जमत नाही आणि तुम्ही नोकरीमुळे पुण्यात असता, असे तुम्ही लिहिले आहे. दरमहा येणे शक्य नसेल, तर ते डॉक्टरांना आधीच कळायला हवे. पडद्यावर नव्या वाहिन्या फुटलेल्या डोळ्यांत निव्वळ इंजेक्शनांवर विसंबून ज्यांच्या भेटी चुकल्या, त्यांची अवस्था लेझर केलेल्या रुग्णांपेक्षा वाईट झाल्याचे २०१९ मधील एका अभ्यासात दिसले आणि माझ्या अनुभवातही ते तसेच आहे. म्हणून त्याच भेटीत विचारा: ‘नव्या वाहिन्या फुटल्या आहेत का? असतील तर लेझर केव्हा करता येईल?’ त्या नसतील, तर दोन्ही डोळ्यांची इंजेक्शने आणि ओसीटी एकाच प्रवासात बसवता येतात का, तेही विचारून घ्या. दोन्ही डोळ्यांना एकाच दिवशी इंजेक्शन देता येते; मात्र प्रत्येक डोळ्यासाठी साहित्य वेगळे आणि शक्य तर औषधाचा गट क्रमांकही (बॅच नंबर) वेगळा वापरायचा असतो.